कारखान्यासाठी सॉफ्टवेअर करून घेताना स्कोप (कामाची हद्द) कसा ठरवावा? एकाच पानावर तीन कोटेशनं, तिन्ही वेगळी

इंद्रायणीकाठ (सोमवार, सकाळी १०.४०)

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत टर्न्ड पार्ट्सच्या (लेथवर घडवलेल्या सुट्या भागांच्या) एका कारखान्यात मी पीपीसी, म्हणजे उत्पादनाचं नियोजन आणि नियंत्रण सांभाळते. धातूचा बार येतो, आमच्या सीएनसी आणि ट्रॉब लेथवर टर्निंग होतं, मग माल जॉबवर्कला, म्हणजे बाहेरच्या कारखान्यांत करून घ्यायच्या कामाला जातो: आधी हीट ट्रीटमेंटला, तिथून झिंक प्लेटिंगला. परत आला की तपासणी, पॅकिंग आणि चाकणला डिस्पॅच. हिशोब टॅलीत आहेत, ई-इन्व्हॉइसही तिथूनच निघतं. बाकीचा कारभार एक्सेल, रजिस्टर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चालतो.

आता साहेबांनी सॉफ्टवेअर करून घ्यायचं मनावर घेतलंय. आमची गरज एका पानावर लिहून तिघांना पाठवली: खरेदी, स्टोअर्स, उत्पादन, जॉबवर्क, तपासणी, डिस्पॅच, सर्व आवश्यक अहवाल. कोटेशनं आली साडेचार लाख, अकरा लाख आणि सव्वीस लाख. तिघांशी सविस्तर बोलल्यावर कळलं की तिघांनी तीन वेगळ्या कामांचे भाव दिलेत. नुसतं जॉबवर्क घ्या. पहिला चलन (मालासोबत जाणारा कागद) छापून देणार, बस्स. दुसरा कोणाकडे किती माल पडून आहे ते दाखवणार. तिसरा जॉबवर्करला लॉगिन देणार, तो आपल्या मोबाइलवरून माल मिळाल्याची पोच टाकणार आणि आयटीसी-०४ ची (जॉबवर्कच्या मालाच्या जीएसटी विवरणपत्राची) फाइल आपोआप तयार होणार.

साहेब म्हणतात, मधलं घेऊन टाका. मला ते पटत नाही. भाव मधला आहे म्हणून काम आपल्या मापाचं असेल असं कुठे आहे? मी त्यांच्याकडून महिनाभर मागून घेतलाय. कोटेशनं परत मागवण्याआधी स्कोप आम्हीच लिहायचा आणि तिघांना एकच कागद द्यायचा, असं ठरवलंय. सुरुवात कुठून करावी? किती खोलात जावं? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

सातपूरकर (सोमवार, दुपारी १२.१५)

महिना मागून घेतलात हे उत्तम केलंत. एवढा वेळ बहुतेक मालक देत नाहीत आणि मग वर्षभर व्हेंडरशी भांडत बसतात.

मॉड्यूलच्या नावांपासून सुरुवात करू नका. "स्टोअर्स", "उत्पादन" ही नावं सगळ्यांनाच समजतात आणि प्रत्येकाला वेगळी समजतात. त्याऐवजी गेल्या दोन-तीन महिन्यांतला एक लॉट निवडा, शक्यतो ज्यात भानगड झाली होती असा. बार गेटवर आला त्या दिवसापासून ग्राहकाचे पैसे जमा झाले त्या दिवसापर्यंत त्या लॉटचा प्रत्येक कागद गोळा करा. पीओ (खरेदीची ऑर्डर), पुरवठादाराचं बिल, गेटवरची इनवर्ड नोंद, जीआरएन (स्टोअर्सची माल मिळाल्याची नोंद), इश्यू स्लिप, रूट कार्ड (लॉट कोणकोणत्या टप्प्यांतून जातो ते कार्ड), जॉबवर्कचं चलन, परतीचं चलन, तपासणी अहवाल, पॅकिंग स्लिप, इन्व्हॉइस, रिजेक्शन आलं असेल तर त्याचा डेबिट नोट. एका लांब टेबलावर क्रमाने मांडा.

मग प्रत्येक कागदाला विचारा: हा कोण लिहितो, कशावरून लिहितो, पुढे कोण वाचतो? उत्तरं ऑफिसात बसून देऊ नका. लिहिणाऱ्याला टेबलापाशी बोलवा. अंबडच्या एका कारखान्यात आम्ही हे केलं तेव्हा एक तपासणी रजिस्टर सापडलं. रोज दोन पानं भरली जात होती आणि ती वाचणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेला होता. ते रजिस्टर सॉफ्टवेअरमध्ये आणायचे पैसे कोटेशनमध्ये धरलेले होते.

शेवटी प्रत्येक कागद तीनपैकी एका ढिगात जातो: यंत्रणेत येणार, बाहेरच राहणार पण त्याचा नंबर यंत्रणेत लागणार, आणि पूर्ण बाहेर. हे तीन ढीग म्हणजे तुमचा स्कोप. लिहून काढणं नंतरचं काम.

कोल्हापुरी_फाउंड्री (सोमवार, दुपारी १.०५)

सातपूरकरांना अनुमोदन. फक्त एक भर घाला. प्रत्येक कागदावर माप कशात आहे तेही बघा. आमच्याकडे शिरोलीत कास्टिंग मशीनिंगला जातं नगावर आणि बोरिंग (मशीनवर निघालेला कीस) परत येतं किलोवर. तुमच्याकडे प्लेटिंगवाला दर किलोवर लावत असणार आणि तुम्ही चलन नगावर काढत असणार. नग-किलोचं गणित कुठे बसणार, वजन कोण टाकणार, कोणत्या टप्प्याचं वजन धरणार हे स्कोपमध्ये नसेल तर व्हेंडर बिनदिक्कत एकच माप धरून यंत्रणा बांधेल. नंतर ते बदलणं म्हणजे पायाच उकरणं. स्टॉकच्या प्रत्येक नोंदीला तो बदल शिवतो.

सीए_मुक्ता (सोमवार, संध्याकाळी ६.३०)

कायद्याच्या बाजूने जे स्कोपमध्ये यायलाच हवं ते लिहिते. व्हेंडर "जीएसटी कंप्लायंट" असं लिहून मोकळे होतात. ते वाक्य कोटेशनमध्ये दिसलं तर खोडून त्या जागी नेमकं काय ते लिहून घ्या.

जॉबवर्कला पाठवलेला कच्चा वा अर्धवट माल १ वर्षाच्या आत परत यायला हवा, नाहीतर ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी विकला असं धरून कर लागतो. भांडवली वस्तूंना ही मुदत ३ वर्षांची आहे, डाय, जिग, फिक्श्चर आणि टूल यांना मात्र ती लागू नाही. म्हणजे यंत्रणेला प्रत्येक चलनाचं वय कळायला हवं, नुसती एकूण शिल्लक पुरणार नाही. "प्लेटिंगवाल्याकडे ६,००० नग आहेत" ही माहिती माझ्या कामाची नाही. त्यातले कोणते कोणत्या तारखेच्या चलनाचे, ते मला लागतं.

चलन तीन प्रतींत लागतं: माल घेणाऱ्याची, वाहतूकदाराची आणि तुमची. आयटीसी-०४ वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर सहामाही, नाहीतर वार्षिक. ई-वे बिलाला महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाची मर्यादा आहे, पण माल राज्याबाहेर जॉबवर्कला जात असेल तर किंमत कितीही असो, लागतंच. प्लेटिंगवाल्याकडचा स्क्रॅप कोण विकणार तेही ठरवा. तो नोंदणीकृत असेल तर तो स्वतः कर भरून विकू शकतो, नसेल तर ती जबाबदारी तुमची.

आणि तुमची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल सक्तीची आहे, म्हणजे कोणी, केव्हा, काय बदललं याची पुसता न येणारी नोंद. तुमचे हिशोब टॅलीत आहेत आणि तिथेच राहणार असतील तर नव्या यंत्रणेवरचा हा भार बराच कमी होतो. म्हणून माझा आग्रह: इन्व्हॉइस, ई-इन्व्हॉइस आणि लेजर (खातेवही) स्कोपच्या बाहेर ठेवा. चाललेलं नीट चाललंय.

जर्सीसिटीकर (मंगळवार, पहाटे ४.५०)

मी इथे एका विमा कंपनीत प्रॉडक्टचं काम करतो. थोडा विरोधी सूर लावतो, कारण वरच्या सल्ल्यांचा धोका मला दिसतो आहे. महिनाभर बसून सगळं लिहायचं, सह्या घ्यायच्या आणि मग बांधायला सुरुवात करायची हा मार्ग मोठमोठ्यांना भोवला आहे.

अमेरिकेची तपास संस्था एफबीआय हिने तपासाच्या फाइली सांभाळण्यासाठी व्हर्च्युअल केस फाइल नावाची यंत्रणा करायला घेतली होती. गरजांचा दस्तऐवज ८०० पानांच्या वर गेला. ११ सप्टेंबर २००१ नंतर एफबीआयचं कामच बदललं होतं, आणि बांधायला घेतल्यावरही गरजा बदलत राहिल्या. २००५ मध्ये सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून प्रकल्प सोडून दिला. त्याच्या जागी आलेला सेंटिनेल प्रकल्पही कंत्राटदाराकडे रेंगाळला. २०१० मध्ये एफबीआयने तो स्वतःकडे घेतला, लहान चमू, दोन-दोन आठवड्यांचे टप्पे, आणि २०१२ च्या जुलैमध्ये तो सुरू झाला.

तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच: पहिल्या दिवशी फक्त एक तुकडा ठरवा. जॉबवर्कची शिल्लक, बाकी काही नाही. तो तीन महिने वापरा. पुढचा स्कोप वापरणारे लोकच सांगतील.

सातपूरकर (मंगळवार, सकाळी ९.२०)

जर्सीसिटीकर, एक तुकडा आधी हे मान्य. पण सेंटिनेल यशस्वी झाला तेव्हा चमू एफबीआयच्या स्वतःच्या ताब्यात होता, पगार चालू होता. भोसरीतल्या कारखान्याकडे स्वतःचा एकही प्रोग्रामर नाही. ठरलेल्या रकमेचं काम आहे. दर पंधरवड्याला स्कोप हलला तर दर पंधरवड्याला भावाची घासाघीस. दोन महिन्यांत साहेबांचा धीर सुटेल आणि व्हेंडर आपला चांगला माणूस दुसऱ्या कामावर हलवेल.

शिवाय तुकडा पाडायचा तर तो कुठे पाडायचा हे कळायलाही आख्खी वाट एकदा चालावी लागते. नग-किलोचा प्रश्न पहिल्या तुकड्यात सुटला नाही तर दुसऱ्या तुकड्यात पहिला तुकडा फेकून द्यावा लागेल.

जर्सीसिटीकर (मंगळवार, सकाळी ९.५५)

वाट चालण्याला माझा विरोध नाही. प्रत्येक पडद्यावरचा प्रत्येक रकाना आधी लिहून काढण्याला आहे. हद्द आधी ठरवा, आतली खोली नंतर, असं म्हणू या का?

सातपूरकर (मंगळवार, सकाळी १०.१०)

मापं, आयटम कोड आणि चलनांची साखळी सोडून बाकीच्याला चालेल. या तिन्हींची खोली आधीच हवी.

इंद्रायणीकाठ (गुरुवार, रात्री ९.४५)

सगळ्यांचे मनापासून आभार. टेबल मांडलं. स्टोअर्सचे भाऊ, तपासणीतल्या ताई, डिस्पॅचचा मुलगा आणि गेटवरचे काका, सगळे आले. जे निघालं ते इथे लिहिते कारण कोणाला तरी उपयोग होईल.

लॉट होता २,००० पिनांचा. प्लेटिंगला एका चलनावर गेला. मंगळवारी १,४०० परत आले, शुक्रवारी ५६०. तपासणीत त्यातल्या २२ वर डाग निघाले, ते स्ट्रिपिंग करून (आधीचा थर काढून) परत प्लेटिंगला पाठवले, नवीन चलन काढून. आता रजिस्टरमध्ये पहिल्या चलनापुढे शिल्लक ४०, दुसऱ्यापुढे २२. प्लेटिंगवाल्याशी बोलताना डिस्पॅचचा मुलगा ४० म्हणतो, तो ६२ म्हणतो आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. दोन्ही चलनं एकाच लॉटची हे लिहायला रजिस्टरमध्ये रकानाच नाही. आमच्या साहेबांना गेली कित्येक वर्षं वाटतंय की प्लेटिंगवाला माल गाळतो. तपासणीतल्या ताई म्हणाल्या, "मॅडम, गाळत नाही तो. आपणच परत पाठवतो आणि विसरतो." हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं, पण विचारलं कोणी नव्हतं.

दुसरं. बाराच्या इनवर्डला गेटवरचे काका वजनकाट्याची पावती लावतात, स्टोअर्सचे भाऊ बिलावरचं वजन जीआरएनला घेतात. दोन्हींत फरक असतो. कोणतं खरं धरायचं यावर टेबलापाशीच अर्धा तास वाद झाला आणि साहेबांना बोलवावं लागलं. त्यांनी काट्याचं म्हटलं. हा निर्णय सॉफ्टवेअरवाल्याने घेतला असता तर आम्हाला कळलंही नसतं.

कोल्हापुरी दादा, तुमचं अगदी खरं निघालं. प्लेटिंगचं बिल किलोवर, आमचं चलन नगावर. रूपांतर डिस्पॅचचा मुलगा मनानेच करतो.

आता माझा प्रश्न तिसऱ्या व्हेंडरच्या लॉगिनचा. साहेबांना ती कल्पना फार आवडलीय. जॉबवर्करनेच मोबाइलवर पोच टाकली तर आमच्या नोंदी वाचतात. ते स्कोपमध्ये घ्यावं का?

सीए_मुक्ता (शुक्रवार, सकाळी ८.१५)

नका घेऊ. आणि यासाठी मी तुम्हाला आख्ख्या देशाने अनुभवलेलं उदाहरण देते.

जीएसटी १ जुलै २०१७ ला सुरू झाला तेव्हा मूळ आराखड्यात दरमहा तीन विवरणपत्रं होती. जीएसटीआर-१ मध्ये तुम्ही तुमची विक्री टाकायची. त्यावरून तुमच्या ग्राहकाच्या जीएसटीआर-२ मध्ये त्याची खरेदी आपोआप दिसायची, त्याने प्रत्येक बिल मान्य करायचं, बदलायचं किंवा नाकारायचं, आणि मग या दोन्हींवरून कराचा हिशोब देणारा जीएसटीआर-३. कागदावर अतिशय सुंदर. पण हा डोलारा उभा होता तो देशातल्या प्रत्येक व्यापाऱ्याने दुसऱ्याची नोंद वेळेवर तपासण्यावर. नोव्हेंबर २०१७ मध्ये गुवाहाटीच्या बैठकीत जीएसटी परिषदेने जीएसटीआर-२ आणि ३ स्थगित केले. जो सोपा, गोषवाऱ्याचा जीएसटीआर-३बी सुरुवातीच्या दोन महिन्यांपुरता आणला होता तोच आजतागायत चालू आहे. बिलं जुळवण्याचं काम २०२० मध्ये जीएसटीआर-२बी च्या रूपाने परत आलं, पण ते नुसतं दाखवणारं, समोरच्याने काही भरायलाच हवं अशी अट नसलेलं. मान्य-अमान्य करायची सोय पोर्टलवर नव्या रूपात आली ती थेट २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, आणि तिथेही काही केलं नाही तर बिल मान्य धरलं जातं.

सरकारच्या हातात दंड होता, विलंब शुल्क होतं, तरी दुसऱ्याकडून नोंद करवून घेणं जमलं नाही. तुमच्या प्लेटिंगवाल्याला तुम्ही काय करणार? त्याच्याकडे तुमच्यासारखे चाळीस ग्राहक असतील. चाळीस लॉगिन तो कशाला सांभाळेल? त्याने आठवडाभर पोच टाकली नाही तर तुमची शिल्लक आठवडाभर खोटी, आणि दुरुस्त करायचा हक्क तुमच्याकडे नाही.

ज्याच्या नोंदीवर तुमचा हुकूम चालत नाही त्याची नोंद यंत्रणेचा आधार करू नका. माल तुमच्या गेटमधून जातो आणि तुमच्या गेटमधून येतो. दोन्ही वेळा तुमचा माणूस तिथे उभा आहे. हद्द तिथेच आखा.

औंधचा_डेव्हलपर (शुक्रवार, दुपारी ३.३०)

मी पलीकडच्या बाजूचा. अशी सॉफ्टवेअरं करून देणारी आमची छोटी कंपनी आहे. तुमच्या पहिल्या पानावरचे "सर्व आवश्यक अहवाल" हे तीन शब्द मी पाहिले असते तर कोटेशनमध्ये दोन लाख नुसते भीतीपोटी घातले असते. त्या तीन शब्दांवरून काम संपता संपत नाही. हवे असलेले अहवाल मोजून लिहा आणि प्रत्येकाचा एक नमुना एक्सेलमध्ये, खऱ्या आकड्यांसह, जोडा. आमची निम्मी भीती तिथेच जाते, आणि भीती गेली की भाव उतरतो.

आम्हाला आणखी काय लागतं ते सांगतो. एकाच वेळी किती जण वापरणार. दिवसाला साधारण किती चलनं. गेटवर कॉम्प्युटर असणार की मोबाइल, आणि तिथे नेट पोचतं का. लेबल प्रिंटर आणि वजनकाटा जोडायचा की आकडा हाताने टाकायचा. काटा जोडणं वरवर सोपं दिसतं, पण प्रत्येक काट्याची तऱ्हा वेगळी. पहिल्या टप्प्यात हाताने टाका.

टॅलीशी जोडणी नेमकी कोणत्या दिशेने? टॅली एक्सएमएल (दोन सॉफ्टवेअरमध्ये माहिती नेण्याचा फाइल प्रकार) घेते आणि देते, ते शक्य आहे. पण "टॅली इंटिग्रेशन" एवढंच लिहिलंत तर कोणी एकदा आयटमची यादी ओढून देईल आणि कोणी प्रत्येक व्हाउचर (व्यवहाराची नोंद) दोन्हीकडे जुळवत बसेल. दोन्ही कामांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझं मत: पॅकिंग स्लिपवरून टॅलीत सेल्स व्हाउचरचा मसुदा जावा, तो तपासून पक्का करण्याचं काम अकाउंट्सने टॅलीत करावं, आणि टॅलीतून परत काही येऊ नये.

आणि एक विनंती. मास्टर डेटा (आयटम वगैरेंच्या मूळ याद्या) कोण साफ करणार ते स्पष्ट लिहा. एकच पिन तुमच्या तीन एक्सेलमध्ये तीन नावांनी असणार. ती एकच आहे हे आम्हाला बाहेरून कळत नाही. बऱ्याच ठिकाणी काम तयार असतं आणि आयटम यादी न आल्यामुळे तीन-चार महिने पडून राहतं, मग पैसे अडतात, मग संबंध बिघडतात.

ठाकुर्ली_स्लो (शुक्रवार, रात्री ११.२०)

एका मुद्द्यावर कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी रिटेलमध्ये आहे. लिडल ही जर्मनीतली मोठी किराणा साखळी. त्यांनी २०११ च्या सुमारास सॅप या तयार सॉफ्टवेअरवर नवी यंत्रणा करायला घेतली आणि २०१८ मध्ये बंद केली. तेव्हाच्या बातम्यांनुसार सुमारे ५० कोटी युरो खर्च झाले होते. चर्चेत आलेलं एक प्रमुख कारण असं की लिडल आपल्या मालाचं मूल्य खरेदी किमतीवर धरते आणि त्या सॉफ्टवेअरची रीत विक्री किमतीवर धरण्याची होती. आपली रीत बदलायची नाही म्हणून सॉफ्टवेअर बदलत गेले.

तयार पॅकेज घेणार असाल तर स्कोपमध्ये हेही लिहा की आपल्या कोणत्या पद्धती आपण सोडायला तयार आहोत. इंद्रायणीकाठ, तुमच्या टेबलावरून अशी एखादी निघाली का?

इंद्रायणीकाठ (शनिवार, सकाळी ११.००)

निघाली. आमच्याकडे चलनाचा नंबर जॉबवर्करनुसार वेगळा चालतो, प्रत्येकाचं वेगळं पुस्तक. स्टोअर्सच्या भाऊंना ते सोयीचं आहे, पण त्यामागे दुसरं काही कारण नाही. ते सोडून एकच सलग क्रम घ्यायचा ठरलं. भाऊ नाराज आहेत, पण नंबरवरून जॉबवर्कर ओळखता आला नाही तरी यादीत नावाने शोधता येईल हे दाखवल्यावर तयार झाले.

सोडायची नाही अशी एक आहे: हीट ट्रीटमेंटचा बॅच नंबर डिस्पॅचपर्यंत लॉटसोबत जायलाच हवा. ग्राहक ऑडिटला तोच विचारतो.

मसुदा लिहिलाय, मुख्य भाग इथे टाकते.

आत: बार इनवर्ड (काट्याच्या वजनावर) ते पॅकिंग स्लिप. जॉबवर्कची सर्व चलनं, जाणारी आणि येणारी. रिवर्कच्या (दुरुस्तीला परत पाठवलेल्या मालाच्या) चलनावर मूळ चलनाचा नंबर टाकल्याशिवाय चलन निघणार नाही. प्रत्येक आयटमला नग आणि किलो दोन्ही मापं, टप्प्यानुसार एका नगाचं वजन, ते बदलायचा अधिकार फक्त पीपीसीला. चलनाच्या वयाचा अहवाल, ९ महिने झालेली चलनं वेगळी दिसणार. आयटीसी-०४ साठी लागणारी माहिती एक्सेलमध्ये, पोर्टलवर भरायचं काम अकाउंट्सचं. एकूण अहवाल सात, नमुने जोडले आहेत.

बाहेर: इन्व्हॉइस, ई-इन्व्हॉइस, ई-वे बिल, लेजर. जॉबवर्करचं लॉगिन. मशीनवर किती वेळात किती नग झाले याची नोंद. हजेरी-पगार. टूल आणि इन्सर्टचा साठा. वजनकाट्याची थेट जोडणी. ग्राहकाच्या पोर्टलवरचं शेड्यूल आपोआप ओढणं.

मशीनची नोंद बाहेर ठेवताना साहेबांशी बरंच बोलावं लागलं. त्यांना तेच सगळ्यात आधी हवं होतं. मी त्यांना टेबलावरचा तो ४० आणि २२ चा कागद परत दाखवला आणि विचारलं, आधी यातलं कोणतं दुखणं बरं करायचं?

सीए_मुक्ता (शनिवार, दुपारी १२.४०)

"बाहेर"ची यादी "आत"इतक्याच काळजीने लिहिलीत, फार छान. त्या यादीवर साहेबांची आणि व्हेंडरची वेगळी सही घ्या. प्लेटिंगवाल्याकडच्या स्क्रॅपचं काय ठरलं? ते कोणत्याच यादीत नाही.

कोल्हापुरी_फाउंड्री (शनिवार, दुपारी १.१०)

आणि रिजेक्ट होऊन भंगारात गेलेल्या नगांचं? चलनाची शिल्लक शून्यावर आणायला "परत आले" शिवाय "बाद झाले" हाही मार्ग लागतो. तो कोणाच्या मंजुरीने, तेही लिहा. नाहीतर जुन्या चलनांपुढे दोन-दोन, तीन-तीन नग वर्षानुवर्षं लटकत राहतील आणि ९ महिन्यांचा तुमचा अहवाल अशाच चिल्लर शिलकीने भरेल.

औंधचा_डेव्हलपर (शनिवार, संध्याकाळी ५.००)

मसुदा वाचून मला माझं कोटेशन अर्ध्या दिवसात करता येईल. फक्त "काम पूर्ण झालं" हे कशावरून ठरणार ते हवं. तुमच्याकडे उत्तर आधीच तयार आहे. टेबलावर मांडलेला तो लॉट, सगळ्या कागदांसह, यंत्रणेत पहिल्यापासून शेवटपर्यंत टाका. शेवटी यंत्रणेने सांगायला हवं: प्लेटिंगवाल्याकडे या लॉटचे ६२, त्यातले ४० मूळचे आणि २२ रिवर्कचे. हे आलं तर शेवटचा हप्ता द्या. असे आणखी चार-पाच लॉट निवडा, एखादा राज्याबाहेर गेलेला, एखादा ग्राहकाकडून परत आलेला.

बदलांसाठीही एक ओळ घाला: सही झाल्यानंतरची प्रत्येक नवी मागणी लेखी, एकाच माणसाकडून, आणि तिच्यासमोर पैसे आणि दिवस लिहून मगच सुरू. तुमच्या बाजूचा तो एक माणूस तुम्हीच असाव्यात. साहेबांनी थेट आमच्या मुलाला फोन करून "एवढं जरा करून टाक" म्हणायला सुरुवात केली की स्कोपचा कागद फाइलीतच राहतो.

इंद्रायणीकाठ (पुढचा बुधवार, रात्री ८.३०)

स्क्रॅप आणि बाद नग दोन्ही घातले. प्लेटिंगवाले दोघेही नोंदणीकृत आहेत, त्यांच्याकडचा स्क्रॅप तेच विकणार, आम्ही फक्त किलो नोंदवणार. बाद नगांना तपासणीतल्या ताईंची नोंद आणि माझी मंजुरी. साहेबांनी "बाहेर"च्या यादीवर सही केली, आणि नव्या मागण्या माझ्यामार्फतच जातील हेही मान्य केलं.

तोच कागद तिघांना पाठवला. या वेळी आले नऊ लाख, सव्वादहा लाख आणि साडेबारा लाख. साडेचारवाले नऊवर आले आणि स्पष्ट म्हणाले की आधी रिवर्कच्या साखळीचा विचारच केला नव्हता. सव्वीसवाले साडेबारावर.

आता एकच अडकलंय. यंत्रणा १ एप्रिलला सुरू करायची आहे. त्या दिवशी जॉबवर्करांकडे पडलेला जुना माल सुरुवातीची शिल्लक म्हणून कसा घ्यायचा? रजिस्टरवरून घेतला तर जुने घोळ आत येणार.

कोल्हापुरी_फाउंड्री (बुधवार, रात्री ९.१५)

रजिस्टरवरून अजिबात नको. आम्ही असं केलं होतं: मार्चच्या मध्यापासून नवीन माल पाठवणं कमी केलं, जेवढा परत येईल तेवढा ओढून घेतला. शेवटच्या दोन दिवसांत आपला माणूस प्रत्येक जॉबवर्करकडे जाऊन प्रत्यक्ष मोजणी करून आला, चलनाच्या क्रमाने, आणि त्या कागदावर दोघांच्या सह्या. रजिस्टर आणि मोजणीतला फरक मालकांनी एकदाच बसून निकाली काढला. यंत्रणेत गेली ती मोजणी, मूळ चलनाच्या तारखेसह.

सीए_मुक्ता (बुधवार, रात्री ९.४०)

मूळ तारीख विसरू नका, वर्षाची मुदत तिथूनच मोजली जाते. १ एप्रिल टाकलीत तर नऊ महिने जुना माल यंत्रणेत एकदम नवा कोरा दिसेल. निकाली काढलेल्या फरकाची यादी मार्चच्या हिशोबात घेऊन तुमच्या सीएंना आधी दाखवा. आणि ही मोजणी कोण करणार, व्हेंडर की तुम्ही, तेही स्कोपमध्ये एका ओळीत लिहा. तुम्हीच करणार आहात, पण लिहिलेलं असू दे.